सुमनताईंच्या मेसचा धूर

टिश्यू पेपर फिल्टरला चिकटला, क्षणभर थरथरला आणि खाली रिकाम्या कढईत पडला.

"पडला," सुमनताई म्हणाल्या.

मी दुसरा लावला. तोही पडला.

मे महिन्यातला शनिवार होता, सकाळचे साडेदहा. करोलबागेच्या मागच्या एका गल्लीत तळमजल्यावर सुमनताई वानखेड्यांची मेस आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करायला महाराष्ट्रातून आलेली साठ-सत्तर मुलंमुली तिथे दोन वेळा जेवतात. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि गेली वीस वर्षं हॉटेलांच्या, हॉस्पिटलांच्या, ऑफिस कँटीनच्या स्वयंपाकघरांतला धूर बाहेर काढायचं काम करते. त्या मानाने ताईंची मेस म्हणजे अगदी छोटं काम. तीन मोठ्या शेगड्या, एक तवा, एक खिडकी. तरी त्या सकाळी मला घाम फुटला होता आणि तो फक्त उन्हाळ्याचा नव्हता.

आधी यंत्र काय असतं ते सांगते. शेगड्यांच्या वर स्टीलचं मोठं छत्र असतं, त्याला हूड म्हणतात. हूडमध्ये फिल्टर असतात, ते तेल पकडतात. हूडच्या वरून पत्र्याचा चौकोनी नळ निघतो, तो डक्ट. आमचा डक्ट मागच्या भिंतीला धरून चार मजले चढून गच्चीवर जात होता. गच्चीवर ब्लोअर, म्हणजे पत्र्याच्या खोक्यात बसवलेला जाडजूड पंखा. तो वरून ओढतो, खालचा धूर हूडमध्ये शिरतो, गच्चीवरून आकाशात जातो. पंखा नीट ओढत असेल तर फिल्टरला लावलेला कागद तिथेच चिकटून राहतो. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरी टेस्ट.

आणि आमचा कागद पडत होता.

"आधीपेक्षा खूप बरं आहे मॅडम," ताई म्हणाल्या. "राहू द्या आता. तुम्ही किती दिवस खपताय."

त्या खरंच माझी समजूत घालत होत्या. गेले आठ दिवस मी आले की आधी पाण्याचा तांब्या, मग जेवणाचं ताट. मी नको म्हटलं की त्या म्हणायच्या, "उपाशी माणसाच्या हातचं मशीन मला नको." मूळच्या वाशीमकडच्या. नवरा केंद्र सरकारच्या एका ऑफिसात होता, त्याच्याबरोबर दिल्लीला आल्या. तो गेल्यावर दोन मुलींची शिक्षणं या मेसवर केली. जेवणाच्या हॉलमध्ये बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली आजच्या भाजीचं नाव लिहायचा फळा. बाकी भिंती परीक्षेच्या नकाशांनी भरलेल्या, ते मुलांनीच चिकटवलेले.

पण "बरं आहे" म्हणून भागणार नव्हतं. याआधी मेसच्या भिंतीत एक साधा एक्झॉस्ट फॅन होता. तो सगळा धूर मागच्या गल्लीत सोडायचा. गल्लीवरच दुसऱ्या मजल्यावर भसीन कुटुंबाची बाल्कनी. मिसेस भसीन निवृत्त शिक्षिका. भसीनसाहेबांची फुप्फुसं कमजोर झाली होती. फोडणीचा धूर वर गेला की त्यांना खोकल्याची अशी उबळ यायची की पंधरा-पंधरा मिनिटं थांबायची नाही. मिसेस भसीननी घरमालकाकडे तीनदा तक्रार केली. शेवटी घरमालकाने ताईंना सांगितलं, "सोमवारपासून एक तर धूर बंद, नाही तर मेस बंद."

मी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं, ताई शेजारणीच्या नावाने बोटं मोडतील. त्या म्हणाल्या, "तक्रार त्यांनी करायलाच पाहिजे. माझा माणूस असा खोकला असता तर मी भांडायलाच आले असते."

इतकंच नाही. चार महिन्यांपासून त्यांनी मेसमध्ये मिरची भाजणं बंद केलं होतं. ठेचा नाही, काळा मसाला नाही. दुधी, वरण, मुगाची खिचडी. "खकाणा वर जातो ना," त्या म्हणाल्या.

मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, घरात मराठीच बोलते, पण हा शब्द मला माहीत नव्हता. "खकाणा म्हणजे?"

"तुम्ही इथे काय म्हणता, ती धांस. मिरची तव्यावर पडली की नाकातोंडात जाते ती."

"अच्छा, ती. तिच्यासाठीच तर आपण पंखा लावतोय."

तर आता पंखा लागला होता. रविवारी अकरा वाजता मिसेस भसीन बाल्कनीत उभ्या राहून पाहणार होत्या, घरमालकही येणार होता. हातात एक दिवस होता, आणि कागद पडत होता.

मी हवेचा वेग मोजायचं छोटं यंत्र काढलं. हूडच्या तोंडाशी जेवढा वेग हवा, त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. गच्चीवर सकाळीच मी सगळं तपासलं होतं. ब्लोअरच्या तोंडासमोर हात धरला, हवा जोरात येत होती. मोटर किती करंट घेते ते पाहिलं, मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या आकड्याच्या आत. आवाज ठीक. खाली रबराचे पॅड आहेत, त्यामुळे थरथर नाही. चेकलिस्टवर टिक, टिक, टिक. मग वर हवा आहे आणि खाली नाही, म्हणजे अडकतेय कुठे? मध्ये. मध्ये काय आहे? डक्ट.

डक्ट इर्शादभाईंनी बनवला होता.

इर्शादभाई पत्र्याचं काम करतात. वय साठीला आलेलं, चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. माझ्या पहिल्या नोकरीपासून मी त्यांच्याकडून काम करून घेते. पत्रा वाकवताना ते त्याच्याशी बोलतात, "चल बेटा, इधर मुड़." त्यांचा जोड कधी गळत नाही. हे मला माहीत होतं. तरीही मी म्हणाले, "इर्शादभाई, डक्ट में कुछ रह गया है. कपड़ा, बोरी, कुछ भी."

ते चष्मा पुसत होते, थांबले. "मैडम, हर टुकड़ा हाथ फेरके चढ़ाया है."

"फिर भी खोलना पड़ेगा."

"खोल देते हैं."

बस, एवढंच. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

डक्ट जिथे वळतो तिथे साफसफाईसाठी छोटी दारं ठेवलेली असतात. अशी तीन दारं होती. मजल्यामजल्यावर शिडी लावून इर्शादभाईंनी ती एकेक उघडली. प्रत्येक दाराला बारा स्क्रू. आत टॉर्च मारला, आरसा धरून वर पाहिलं, खाली पाहिलं. दुसऱ्या मजल्याचं दार भसीनांच्या बाथरूमच्या खिडकीशेजारी होतं. मिसेस भसीन खिडकीतून पाहत होत्या.

"बेटा, कल तक हो जाएगा?" त्यांनी मला विचारलं.

"बिल्कुल, आंटी."

"मैं नहीं चाहती कि उनकी मेस बंद हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पर इनकी खाँसी रात-दिन मैं सुनती हूँ."

मी मान डोलावली. 

तीनही दारं उघडून झाली. आत काही नव्हतं. कपडा नाही, पोतं नाही, साधा पत्र्याचा कीससुद्धा नाही. इर्शादभाईंनी छत्तीस स्क्रू परत बसवले. दीड तास गेला होता. ते खाली आले, हात धुतले. ताईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. ते म्हणाले, "पहले काम."

मग मला न विचारता ते गच्चीवर गेले. मी स्वयंपाकघरात बसून गणितं परत करत होते. डक्ट किती लांब, वळणं किती, ब्लोअरची ताकद किती. गणित पुन्हा पुन्हा बरोबर येत होतं. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"मैडम, ज़रा ऊपर आइए."

गच्चीवर उभं राहवत नव्हतं. चपलेतून चटका बसत होता. आमचा ब्लोअर पाण्याची टाकी आणि कठडा यांच्यामध्ये बसवला होता, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. इर्शादभाई ब्लोअरशेजारी उकिडवे बसले होते.

"मैं बंद करता हूँ. आप मोटर के पीछे की जाली में देखना."

मोटरच्या मागच्या टोकाला ती गार ठेवायला एक छोटा पंखा असतो, जाळीच्या टोपीत. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तोही फिरतो. इर्शादभाईंनी स्विच पाडला. ब्लोअरचा आवाज उतरत गेला. जाळीतली धूसर चकती सावकाश झाली, पाती दिसू लागली आणि थांबता थांबता दिशा स्पष्ट दिसली.

"शंख किधर खुलता है?" त्यांनी विचारलं.

ब्लोअरचं खोकं गोल नसतं. ते शंखासारखं असतं, एका बाजूला अरुंद, मग रुंद होत होत तोंडाशी उघडणारं. आतलं चाक शंख ज्या बाजूला रुंद होत जातो त्या बाजूला फिरलं पाहिजे. इर्शादभाईंनी आयुष्यभर असे शंख हातांनी वाकवले होते. त्यांना पुस्तकाची गरज नव्हती.

चाक उलटं फिरत होतं.

मी टाकी आणि ब्लोअर यांच्या फटीत अंग चोरून शिरले. टाकीच्या बाजूला, खोक्यावर, कंपनीने लाल बाण छापला होता. ठळक, वीतभर. बाण एकीकडे, आमची मोटर दुसरीकडे.

हे कसं होतं ते सांगते, कारण इथे भलेभले फसतात. मोठ्या मोटरला तीन फेजची, म्हणजे तीन जिवंत तारांची वीज लागते. त्यातल्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. खिडकीतला साधा पंखा उलटा फिरला तर हवा उलट्या दिशेने येते, लगेच कळतं. ब्लोअरचं तसं नाही. तो उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त खूप कमी. हात धरला तर हवा लागते. आवाज येतो. सगळं ठीक वाटतं. म्हणून चेकलिस्टवर एक वेगळी ओळ असते, 'फिरण्याची दिशा'. ती बाण पाहून भरायची असते. बाण टाकीमागे होता, ऊन रणरणत होतं, फटीत शिरायचं जिवावर आलं होतं. तोंडाशी हवा लागली आणि मी टिक केलं होतं.

तारा ज्याने जोडल्या त्या इलेक्ट्रिशियनला दोष देता आला असता. पण तारा पहिल्यांदा जोडताना निम्म्या वेळा उलट्याच लागतात, तो दोष नव्हेच. ते पाहायला तर मी होते.

"इर्शादभाई," मी म्हणाले, "गलती मेरी थी. और डेढ़ घंटा आपसे स्क्रू खुलवाए."

ते उठले, गुडघे झटकले. "अच्छा हुआ खुलवाए. एक स्क्रू ढीला निकला, कस दिया."

मला माहीत होतं, त्यांचा स्क्रू ढिला निघत नाही.

मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. टर्मिनल उघडून दोन तारांची अदलाबदल केली. दहा मिनिटांचं काम. परत चालू केल्यावर ब्लोअरचा आवाजच वेगळा आला, भरदार. मी तीन-तीन पायऱ्या उतरत खाली आले. वयाला न शोभणारं होतं ते.

टिश्यू पेपर लावला. तो डिंकाने चिकटवल्यासारखा बसला. ताईंनी बोटाने ओढून पाहिला, सोडला, परत चिकटला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला मॅडम म्हणायचं विसरल्या. "पोरी, जमलं की गं!"

त्याच क्षणी हॉलकडचं दार धाडकन आपटलं. मागोमाग शेगडीची ज्योत एका बाजूला झुकली आणि मोरीच्या जाळीतून नाक धरावं असा वास आला.

हा दुसरा प्रश्न. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत आली पाहिजे. वाट नसेल तर तो मिळेल तिथून ओढतो. दार ओढतो, मोरीतून ओढतो, ज्योत विझवायला बघतो. ताजी हवा आत यायची वाट मी ड्रॉइंगमध्ये ठेवली होती, खिडकीच्या वर. पण ताईंनी तिथे मसाल्याच्या डब्यांची फळी ठोकून घेतली होती.

"मला काय माहीत ते भोक मुद्दाम ठेवलंय," त्या ओशाळून म्हणाल्या. "मला वाटलं, काम राहिलंय तुमचं. पाल येईल म्हणून बंद केलं."

त्यांना ते भोक कशासाठी आहे हे मी सांगितलंच नव्हतं. आज माझ्या खात्यात दुसरी चूक.

फळी काढली तर डबे ठेवायला जागा नव्हती. इर्शादभाईंनी मागच्या लोखंडी दाराकडे पाहिलं, टेप लावला आणि म्हणाले, "नीचे का पल्ला काट देता हूँ. तिरछी पट्टी, पीछे बारीक जाली. न छिपकली, न मच्छर." मग आधी जेवले. दोन पोळ्या जास्त घेतल्या. संध्याकाळी पाचपर्यंत दाराच्या खालच्या भागात तिरप्या पट्ट्यांची झडप बसली होती. ज्योत सरळ उभी राहिली. दार आपटायचं थांबलं. मोरी गप्प झाली.

मग मी म्हणाले, "ताई, उद्या मिरच्या भाजायच्या. काळ्या मसाल्याच्या. भरपूर."

त्यांचा चेहरा उतरला. "साधी फोडणी करू ना. वरणाची."

"साध्या फोडणीवर पास होऊन काय उपयोग? परवा तुम्ही ठेचा केला आणि धूर वर गेला तर? टेस्ट नेहमी सगळ्यात वाईट दिवसाची घ्यायची."

"तुमचं खरं आहे. पण मॅडम, तो आजारी माणूस आहे. आपलं मशीन पाहायला मी त्याला खोकायला लावू?"

मी गणितांची वही मिटली.  शेवटी ताईच पदराला हात पुसत दुसऱ्या मजल्यावर गेल्या. चार महिन्यांत दोघी समोरासमोर बोलल्या नव्हत्या, जे काही चाललं होतं ते घरमालकामार्फत. मी जिन्यात उभी होते.

"भाभीजी, कल मिर्ची भूननी है. मॅडम बोलती है तो ही पता चलेगा. पर साहब को तकलीफ़ नहीं होनी चाहिए. आप बोलो तो नहीं करती."

ताईंचं हिंदी तीस वर्षांत वाशीम सोडून फारसं पुढे आलं नव्हतं. मिसेस भसीननी मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इनको अंदर वाले कमरे में बिठा दूँगी, खिड़की बंद करके. बाहर मैं खड़ी रहूँगी. आप भूनिए."

रविवारी अकराला घरमालक मागच्या गल्लीत येऊन उभा राहिला. मिसेस भसीन बाल्कनीत, रुमाल नाकाशी धरून तयार. मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, तिथून बाल्कनीही दिसत होती आणि खाली हाकही जात होती. इर्शादभाई सुट्टीचा दिवस असून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

"सुरू करा ताई," मी ओरडले.

ताईंनी मोठ्या तव्यावर मिरच्या टाकल्या. मागून खोबरं, धणे, कांदा. पाच मिनिटं. दहा मिनिटं. खाली काय चाललंय ते मला जिन्यातून कळत नव्हतं. घरमालक मान वर करून हुंगत होता. मिसेस भसीननी रुमाल थोडा खाली घेतला. मग पूर्ण खाली घेतला.

तेवढ्यात त्यांच्यामागचं दार उघडलं आणि भसीनसाहेब बाहेर आले. उंच, वाळलेले, अंगात स्वच्छ बनियन, हातात वर्तमानपत्र.

"आप क्यों आए? अंदर जाइए!" मिसेस भसीन घाबरून म्हणाल्या.

"अंदर गर्मी है," ते म्हणाले. कठड्याला टेकून त्यांनी खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "भई, मिर्ची कब भूनोगे? आधा घंटा हो गया बैठे-बैठे."

"हो गई, अंकल," मी म्हणाले. "भुन गई."

त्यांनी वर्तमानपत्र बगलेत धरलं. एक सावकाश श्वास घेतला, जसा आपण वजनाची पिशवी उचलून पाहतो तसा, बेताने. खोकला आला नाही. मग त्यांनी बाल्कनीतली खुर्ची ओढली, तिच्यावरची चार महिन्यांची धूळ वर्तमानपत्राने झटकली आणि बसले. मिसेस भसीन त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि एकदम वळून आत गेल्या. रुमाल आता डोळ्यांना होता.

मी खाली गेले तर ताई तव्यासमोर उभ्या होत्या, घामाने निथळत. वर कोणी खोकलं नाही हे मी सांगितलं तसा त्यांनी गॅस बंद केला आणि स्टुलावर बसल्या. "म्हणजे आता ठेचा करायचा?" एवढंच विचारलं.

त्या दुपारी मेसमध्ये ठेचा झाला. चार महिन्यांनी. मुलं जेवणाच्या वेळेच्या आधीच रांगेत उभी होती. ताईंनी पहिलं ताट इर्शादभाईंना वाढलं. घरमालकही न बोलावता जेवायला बसला आणि जाताना म्हणाला, "ठीक है, चलने दो."

पुढे दर तीन महिन्यांनी मी फिल्टर आणि डक्ट पाहायला जाते. मिसेस भसीनची आता एकच तक्रार आहे. त्या म्हणतात, आधी धुरावरून कळायचं की खाली काय शिजतंय, आता फोन करून विचारावं लागतं. त्या करतात फोन.

या कामातून दोन गोष्टी शिकले. ताजी हवा यायची वाट कशासाठी आहे, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळ्यात आधी सांगायचं. आणि ब्लोअर चालू आहे, हवा लागते आहे, एवढ्यावर सही करायची नाही. चाक कुठे फिरतं ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं, आणि ते पाहून होईपर्यंत दुसऱ्याच्या कामाबद्दल तोंड उघडायचं नाही. पहिली गोष्ट पाळायला सोपी आहे.